नोंदींची शिस्त

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे जे हजारो रुमाल जतन करून ठेवलेले आहेत, त्यांतील रोजकीर्दीचे मोडी कागद चाळणाऱ्याच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. ज्या कारकुनांनी हे दप्तर राखले त्यांच्या चिकाटीला आणि काटेकोरपणाला तोड नाही. परंतु त्यांनी लिहिलेल्या नोंदीपर्यंत पोहोचण्याची वाट एकच आहे आणि ती तिथीची आहे. अमुक एका दिवशी सरकारातून काय खर्च पडला असे विचारले, तर रोजकीर्द तात्काळ उत्तर देते. पण अमुक एका सरदाराला वीस वर्षांत मिळून किती रक्कम पावली असा प्रश्न केला, तर वीस वर्षांचे कागद एकामागून एक उलगडून पाहण्यावाचून गत्यंतर राहत नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा कागद वाचण्याइतकेच कागद हुडकण्याचेही श्रम त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडले असले पाहिजेत, हे उघड आहे.

ही अडचण आपल्या जुन्या हिशेबनिसांना ठाऊक नव्हती असे नाही. तिच्यावरचा उतारा म्हणून त्यांनी खतावणीची पद्धत घातली होती : रोजकीर्दीत तिथीवार उतरलेली रक्कम खतावणीत पुन्हा आसामीवार उतरवायची, म्हणजे ज्याला दिवसाचा हिशेब हवा त्याने एक वही पाहावी आणि ज्याला माणसाचा हिशेब हवा त्याने दुसरी. उपाय गुणकारी होता, पण त्याच्या पोटातून दुसरा विकार जन्माला आला. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की ती दोन्ही ठिकाणी सांभाळावी लागते. एका वहीत दुरुस्ती झाली आणि दुसरीत ती राहून गेली, म्हणजे दोन वह्या दोन निरनिराळ्या साक्षी देऊ लागतात आणि त्यांतली खरी कोणती, हे ठरविण्यासाठी पुन्हा मूळ पावत्यांपर्यंत जावे लागते. एकच नोंद अनेक वाटांनी गाठता यावी आणि तरीही ती एकाच ठिकाणी लिहिलेली असावी, या परस्परविरोधी भासणाऱ्या दोन अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करण्याचा जो उद्योग गेल्या साठ वर्षांत संगणकाच्या क्षेत्रात झाला, त्याचे फळ म्हणजे डेटाबेस आणि त्याचा कारभार पाहणारी व्यवस्थापन प्रणाली होय.

या दोहोंतला भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. परस्परांशी संबंध असलेल्या नोंदींचा संगणकात साठविलेला संग्रह म्हणजे डेटाबेस; आणि त्या संग्रहाला जिच्याखेरीज अन्य कोणी हात लावू शकत नाही, जी प्रत्येक मागणी तपासून पाहते, नोंद शोधून देते, नवी नोंद नियमात बसते की नाही याचा निवाडा करते आणि वीज गेली तरी लिहिलेले पुसले जाऊ देत नाही, ती आज्ञावलींची यंत्रणा म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस्क्यूएल ही अशा प्रणालींची नावे संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकाच्याही कानांवरून गेली असतील. एस्क्यूलाइट नावाची एक लहानशी प्रणाली तर आज बहुतेक प्रत्येकाच्या खिशात आहे, कारण अँड्रॉइड फोनमधील ओळखीच्या माणसांची यादी तिच्याच स्वाधीन असते. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, शिधापत्रिका यांपैकी कशाचीही चौकशी आपण खिडकीवर करतो, तेव्हा समोरचा कर्मचारी वस्तुतः अशाच एखाद्या प्रणालीला प्रश्न विचारीत असतो.

आरंभी मात्र संगणकावरही कागदी दप्तराचीच रीत चालत आलेली होती. पगाराची आज्ञावली लिहिणारा आपली फाइल वेगळी ठेवी, भविष्यनिर्वाह निधीचे काम पाहणारा आपली वेगळी ठेवी, आणि कर्मचाऱ्याचा पत्ता बदलला की तो दोन्हींत बदलला जाईल याची हमी कोणी देत नसे. 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी या विखुरलेल्या फाइलींना एका सूत्रात गोवणारी पहिली महत्त्वाची प्रणाली घडविली. आणि त्याच दशकात, चंद्रावर माणूस उतरविण्याच्या अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या अगणित सुट्या भागांची मोजदाद ठेवण्याच्या निकडीतून आयबीएम कंपनीने आयएमएस नावाची दुसरी एक प्रणाली तयार केली. या दुसऱ्या प्रणालीची रचना वंशवृक्षासारखी होती : वर संपूर्ण यान, त्याच्याखाली त्याचे मोठे विभाग, त्यांच्याखाली उपविभाग, आणि अगदी तळाशी खिळे व स्क्रू. यानाच्या एखाद्या विभागात कोणते भाग आहेत असे विचारले तर ही रचना चटकन उत्तर देई, कारण प्रश्नाची दिशा आणि वृक्षाची दिशा एकच असे. पण अमुक जातीचा स्क्रू यानात कोठे कोठे वापरला आहे असे उलट दिशेने विचारले, की रोजकीर्दीसमोर बसलेल्या संशोधकाची आणि या यंत्राची अवस्था पुष्कळशी सारखी होई. बाकमन यांच्या पद्धतीत एका नोंदीकडून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याचे दुवे अधिक होते हे खरे, परंतु त्या दुव्यांच्या जाळ्यातून वाट काढण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच माथी होते. 1973 साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात बाकमन यांनी त्याला नावाड्याची उपमा दिली. त्यात गौरव होता, आणि मला वाटते, त्या पद्धतीची मर्यादाही त्यात नकळत सांगितली गेली होती. कारण ज्या दप्तरात वाट माहीत असल्याखेरीज काहीच हाती लागत नाही, त्या दप्तराचा खरा मालक तो वाटाड्याच होऊन बसतो.

ही मालकी ज्याने मोडून काढली त्या एडगर कॉड या गृहस्थाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. जन्म 1923 सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावरचा. शिक्षण ऑक्सफर्डला, गणिताचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात वैमानिक म्हणून चाकरी. आणि युद्धानंतर अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये नोकरी. सिनेटर मॅकार्थी यांनी चालविलेल्या राजकीय छळवादाचा उबग येऊन ते काही वर्षे कॅनडात जाऊन राहिले होते, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना येते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत असताना त्यांनी 1970 सालच्या जूनमध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो अवघा अकरा पृष्ठांचा आहे आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी आपली मागणी निःसंदिग्धपणे मांडली आहे. तिचा आशय असा की, माहितीचा उपयोग करणाऱ्या माणसाला ती माहिती यंत्राच्या पोटात कशी रचून ठेवली आहे हे जाणण्याची गरज पडता कामा नये. प्रश्न विचारणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कोणत्या वाटेने आणावयाचे ते यंत्राने ठरवावे. आणि उद्या यंत्रातील रचना बदलली तरी विचारणाऱ्याला आपला प्रश्न बदलावा लागू नये.

हे साधण्यासाठी कॉड यांनी सर्व माहिती केवळ तक्त्यांच्या रूपात मांडावी असे सुचविले आणि त्या तक्त्यांना गणितातील संचांचे आणि संबंधांचे नियम लावून दाखविले. ज्या आयबीएमचे ते नोकर होते त्या कंपनीचाच आयएमएसवर मोठा व्यापार चाललेला असल्यामुळे ही कल्पना स्वीकारण्याची घाई तिला नव्हती. 1974 साली कॉड आणि बाकमन या दोघांच्या पक्षांत जाहीर वाद झाला. त्याच वर्षी आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस या दोन तरुणांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली, जी पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. बॉइस त्याच साली अकाली वारले. आपल्या भाषेचा पुढचा विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कॉड यांच्या कल्पनेवर उभारलेली आणि एसक्यूएल समजणारी प्रणाली बाजारात प्रथम आणण्याचा मान आयबीएमला मिळाला नाही. ज्या छोट्या कंपनीला पुढे ओरॅकल हे नाव पडले तिने तो 1979 साली पटकावला. 1986 साली एसक्यूएल अमेरिकेत प्रमाण भाषा म्हणून मान्य झाली, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिचे स्थान कोणाला हिरावून घेता आलेले नाही.

तक्त्यांची ही मांडणी प्रत्यक्षात कशी असते हे समजण्यासाठी महाराष्ट्रातील वाचकाने आपल्या सातबाराकडेच पाहावे. महसूल खात्याच्या गावपातळीवरील दप्तराचे 21 गाव नमुने आहेत. त्यांतील नमुना सात सांगतो की अमुक गटाची जमीन किती, तिचा आकार, म्हणजे सारा, किती, ती कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर इतर हक्क कोणाचे. नमुना बारा त्या जमिनीतील पिके सांगतो. आणि नमुना आठ-अ हीच हकीकत उलट बाजूने, म्हणजे एका खातेदाराच्या नावे गावात कोणकोणते गट आहेत, हे सांगतो. म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी यांच्यात जे नाते होते तेच सात आणि आठ-अ यांच्यात आहे. आणि हस्तलिखित दप्तराच्या काळात सातबारावर वारसांची नावे लागली पण आठ-अ वर मयताचेच नाव राहिले, अशी विसंगती उद्भवण्यास वाव होता तोही त्याच कारणाने.

आता हेच दप्तर कॉड यांच्या रीतीने मांडावयाचे झाले, तर सोयीसाठी थोडी सुलभ रचना गृहीत धरून आपण तीन तक्ते करू. पहिला गटांचा : त्यात प्रत्येक गटासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत गट क्रमांक, क्षेत्र व आकार. दुसरा खातेदारांचा : त्यात प्रत्येक माणसासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत खाते क्रमांक, नाव व पत्ता. तिसरा हक्कांचा, आणि तोच या रचनेचा प्राण आहे : त्यातल्या प्रत्येक ओळीत एक गट क्रमांक, एक खाते क्रमांक आणि त्या खातेदाराचा त्या गटातील हिस्सा, एवढेच. गट 214 हा तीन भावांचा सामाईक असेल, तर तिसऱ्या तक्त्यात त्याच्या तीन ओळी होतील. त्यांतल्या थोरल्या भावाच्या नावे आणखी दोन गट असतील, तर त्याचा खाते क्रमांक आणखी दोन ओळींत येईल. पण त्याचे नाव मात्र सबंध दप्तरात एकदाच, खातेदारांच्या तक्त्यात, लिहिलेले राहील. नावात काना-मात्रेची चूक निघाली तर ती एकाच जागी दुरुस्त करावयाची. जेथे जेथे ते नाव दिसते तेथे तेथे ते तेथूनच उचलून आणलेले असल्यामुळे दुरुस्ती सर्वत्र आपोआप दिसू लागते. आणि मग नमुना आठ-अ वेगळा लिहून ठेवण्याचे कारणच उरत नाही. खाते क्रमांक सांगितला की प्रणाली तिसऱ्या तक्त्यातून त्याचे गट वेचते, पहिल्या तक्त्यातून त्या गटांचे क्षेत्र आणते, दुसऱ्यातून नाव आणते, आणि मागणी झाली त्या क्षणी आठ-अ तयार करून देते. लिहिलेलीच नाही ती वही मूळ वहीशी विसंगत होणार तरी कशी?

येथे क्रमांकांचे महत्त्व विशेष आहे. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि क्वचित एकाच वडिलांच्या नावाचे दोन इसम असू शकतात. म्हणून ओळ ओळखण्याची खूण नावावर सोपविता येत नाही, तिला कधीही न बदलणारा आणि दुसऱ्या कोणाला न दिलेला क्रमांक लागतो. या क्रमांकाला या शास्त्रात मुख्य किल्ली म्हणतात; आणि हक्कांच्या तक्त्यात जेव्हा खातेदाराचा क्रमांक येतो तेव्हा तो खातेदारांच्या तक्त्यात वस्तुतः अस्तित्वात असलाच पाहिजे, असा निर्बंध प्रणालीवर घालता येतो. जो खातेदार नाही त्याच्या नावे जमीन लावण्याची नोंद आली, तर प्रणाली ती स्वीकारीत नाही. क्षेत्र शून्याहून कमी नसावे, सर्व हिश्शांची बेरीज पूर्ण गटाएवढीच यावी, असे आणखी किती तरी नियम एकदा सांगून ठेवता येतात. कारकून बदलले, आज्ञावल्या बदलल्या, तरी हे नियम दप्तराबरोबर राहतात; आणि माझ्या मते व्यवस्थापन प्रणालीचे मोठेपण तिच्या स्मरणशक्तीहून या शिस्तीत अधिक आहे.

प्रश्न विचारण्याची भाषाही या रचनेला साजेशी साधी आहे. एसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट’ या शब्दापुढे काय पाहिजे ते लिहावयाचे, ‘फ्रॉम’पुढे कोणत्या तक्त्यांतून ते, आणि ‘व्हेअर’पुढे कोणत्या अटीवर ते. ज्यांचे क्षेत्र दोन हेक्टरांहून कमी आहे अशा गटांच्या खातेदारांची नावे द्या, एवढे म्हणून विचारणारा थांबतो. आधी लहान गट वेचून मग त्यांचे खातेदार शोधावेत, की आधी खातेदार घेऊन त्यांचे गट तपासावेत, हे प्रणाली स्वतः ठरविते; त्यासाठी प्रत्येक तक्त्यात किती ओळी आहेत, कोणत्या अटीत किती ओळी बसतील, याचा अंदाज ती बांधते आणि सर्वांत स्वस्त वाट निवडते. हा अंदाज कसा बांधावा याची रीत आयबीएममधील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 साली प्रसिद्ध केली, आणि आजच्या प्रणाली बऱ्याच अंशी त्याच रीतीच्या वारसदार आहेत.

वाट स्वस्त होते ती मुख्यतः इंडेक्समुळे, म्हणजे सूचीमुळे. सूचीची सर्वांत प्रचलित रचना बोइंग विमान कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी 1970 च्या सुमारास शोधून काढली, आणि तिचे सामर्थ्य साध्या गुणाकाराने पटते. समजा, सूचीच्या प्रत्येक पानावर 200 नोंदी मावतात आणि त्यांतली प्रत्येक नोंद खालच्या थरातील एका पानाकडे बोट दाखविते. तर तीन थरांत 80 लाख नोंदींपर्यंत आणि चार थरांत 160 कोटींपर्यंत पोहोचता येते. म्हणजे 160 कोटी ओळींच्या तक्त्यातून एक ओळ काढण्यासाठी सूचीची केवळ चार पाने आणि त्यानंतर ती ओळ असलेले पान एवढे पाहिले की काम झाले. एकाच तक्त्याला गट क्रमांकाची एक, नावाची दुसरी, क्षेत्राची तिसरी अशा अनेक सूची लावता येतात; रोजकीर्दीला जी एकच वाट होती तिच्या जागी येथे हव्या तितक्या वाटा उघडतात. मात्र या वाटा फुकट मिळत नाहीत. नवी ओळ लिहिली की प्रत्येक सूचीत तिची जागा करावी लागते. म्हणून ज्या तक्त्यात रात्रंदिवस नवी भर पडते त्याला किती सूची लावाव्यात, हा अनुभवी माणसाच्या तारतम्याचा विषय असतो.

येथपर्यंत विचार झाला तो नोंद शोधण्याचा. नोंद बदलण्याचा प्रश्न याहून गहन आहे, आणि या शास्त्राचा जो भाग मला सर्वांत सुंदर वाटतो तो येथेच आहे. समजा, एकाच खातेदाराच्या नावे असलेल्या एका गटाचे क्षेत्र 2 हेक्टर 40 आर असून त्यातील 80 आर जमीन विकली गेली. तर विकणाऱ्याच्या नावचे क्षेत्र 1 हेक्टर 60 आर करावयाचे आणि घेणाऱ्याच्या नावे 80 आर लावावयाचे, अशा दोन कृती कराव्या लागतील. पहिली होऊन दुसरी होण्यापूर्वी वीज गेली, तर 80 आर जमीन कागदोपत्री कोणाचीच राहणार नाही. क्रम उलटा असला, तर तीच जमीन दोघांची होईल. म्हणून अशा कृतींचा समूह हा एकच अखंड व्यवहार मानावा, तो घडला तर संपूर्ण घडावा आणि नाही तर त्यातला अंशही घडलेला नसावा, असा दंडक या शास्त्राने घालून दिला. जिम ग्रे या संशोधकाने व्यवहाराची ही कल्पना आणि ती पार पाडण्याची साधने 1970 नंतरच्या दशकात सिद्ध केली. 1983 साली थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या दोघा जर्मनांनी तिची चार लक्षणे एका नावाखाली आणली : अखंडता, नियमांशी सुसंगती, एका व्यवहाराचे दुसऱ्यापासून विलगपण, आणि एकदा पुरा झालेल्या व्यवहाराचे चिरस्थायित्व. ग्रे यांना 1998 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. 2007 सालच्या जानेवारीत आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच नौकेने निघाले आणि परतले नाहीत. सहस्रावधी स्वयंसेवकांनी उपग्रहांची छायाचित्रे तपासली, पण त्यांचा वा नौकेचा मागमूस लागला नाही.

अखंडतेचे हे वचन प्रणाली पाळते कसे? उत्तर असे की, मूळ तक्त्याला हात लावण्यापूर्वी ती आपण काय बदलणार आहोत हे एका वेगळ्या वहीत लिहून ठेवते. आणि ही वही कायमच्या साठवणीवर सुखरूप उतरल्याखेरीज तक्त्यातील बदल तेथे उतरू देत नाही. वीज जाऊन परत आली की प्रणाली प्रथम ही वही वाचते : जे व्यवहार पुरे झाल्याची खूण तीत आहे, त्यांचे बदल तक्त्यात उतरलेले नसतील तर ती ते पुन्हा करते, ज्यांची तशी खूण नाही, त्यांचे अर्धवट बदल ती मागे घेते. महसूल खात्याच्या कारभाराशी परिचय असलेल्या वाचकाला हे वाचताना गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, आठवल्यावाचून राहणार नाही. सातबारावर थेट लिहिण्याचा अधिकार तेथेही नाही. खरेदीखत असो वा वारसा, त्याची नोंद तलाठी आधी फेरफार नोंदवहीत घालतो. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि मगच तिचा अंमल सातबारावर दिला जातो. तेथेही जुने नाव खरवडून टाकीत नाहीत, त्याला कंस करतात, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात घालतात, म्हणजे आजचा हक्क ज्या व्यवहाराने आला त्याच्यापर्यंत कोणालाही मागे जाता येते. मूळ अभिलेखाला पूर्वनोंदीशिवाय स्पर्श करावयाचा नाही, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञांनी आपल्या गरजेतून शोधले आणि महसुली कारभाराने आपल्या. दोघांनाही ते सापडावे, यात त्या तत्त्वाच्या खरेपणाची खूण मला दिसते.

विलगपणाचे लक्षण समजण्यास रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी पुरेशी आहे. मुंबईच्या आणि नागपूरच्या खिडकीवरील दोन कर्मचाऱ्यांनी एकाच गाडीची चौकशी एकाच क्षणी केली, दोघांनाही एकच बर्थ शिल्लक असल्याचे दिसले आणि दोघांनीही तो देऊन टाकला, तर एका बर्थवर दोन प्रवासी उभे राहतील. हे टाळण्यासाठी प्रणाली ज्या ओळीत बदल चालू आहे तिच्यावर कुलूप घालते. दुसऱ्याला पहिल्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते आणि त्याची पाळी येते तेव्हा बर्थ गेल्याचे त्याला यथातथ्य कळते. कुलुपांतून क्वचित असाही पेच उद्भवतो की पहिला दुसऱ्याच्या ओळीसाठी थांबलेला आणि दुसरा पहिल्याच्या ओळीसाठी; तेव्हा प्रणाली हा पेच ओळखून दोघांपैकी एकाचा व्यवहार सरळ रद्द करते आणि त्याला प्रथमपासून आरंभ करावयास लावते. अखंडतेचा नियम आधीच पाळलेला असल्यामुळे रद्द झालेल्या व्यवहाराचा डाग दप्तरावर राहत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात गूगल, अॅमेझॉन यांसारख्या कंपन्यांना एवढ्या प्रचंड प्रमाणावर माहिती हाताळावी लागू लागली की ती हजारो यंत्रांवर विभागून ठेवणे प्राप्त झाले, आणि इतक्या यंत्रांत सर्व लक्षणे कडकपणे पाळताना होणारा विलंब त्यांना परवडेना. म्हणून काही नियम सैल केलेल्या, तक्त्यांचा आग्रह सोडलेल्या नव्या प्रणाली निर्माण झाल्या. एखाद्या चित्राला किती जणांनी पसंती दिली हा आकडा काही क्षण मागे राहिला तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि तेथे ही सवलत योग्यच आहे. परंतु जेथे कोणाची जमीन, कोणाचे पैसे किंवा कोणाचे औषध नोंदीवर अवलंबून आहे, तेथे गतीच्या मोहाने अखंडता आणि सुसंगती यांत तडजोड करू नये, असे माझे निश्चित मत आहे.

मात्र प्रणालीच्या शिस्तीची एक सीमा प्रत्येक वापरणाऱ्याने ओळखून असावे. हिश्शांची बेरीज चुकली तर ती प्रणालीला कळते. पण रामचंद्राच्या जागी रामचरण लिहिले गेले, तर ते तिला कळण्याचा मार्ग नाही, कारण दोन्ही नावे तिच्या नियमांत सारखीच बसतात. महाराष्ट्रात हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविले जात असताना हाताने लिहिलेले आकडे आणि अक्षरे वाचण्यात चुका होण्याचा संभव पदोपदी होता. अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 155 व्या कलमात तरतूद आहे. त्याच संहितेचे 157 वे कलम असे सांगते की, अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद ही, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाईल. ही दोन्ही कलमे जवळजवळ ठेवून वाचली म्हणजे संगणकीकृत दप्तराच्या चालकांवर किती मोठी जोखीम आहे ते कळते. चुकीने उतरलेले क्षेत्र प्रणाली विश्वासूपणे सांभाळते, आठ-अ वर तेच आणते, उताऱ्यावर तेच छापते, आणि कायदाही तूर्त ते खरे धरून चालतो. तिन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळत असल्यामुळे पूर्वी दोन वह्यांच्या विसंगतीतून जी चूक उघडकीस येई, ती आता तशी येत नाही. म्हणूनच माहिती उतरवून घेताना दोन निरनिराळ्या व्यक्तींकडून ती स्वतंत्रपणे उतरवून घेऊन ताडून पाहणे, हस्तलिखित मूळ प्रत नष्ट न करणे, आणि संगणकातील उतारा गावात चावडीवर वाचून दाखवून खातेदारांच्या हरकती मागविणे, ही जुन्या वळणाची वाटणारी कामे डेटाबेसच्या कामाचाच भाग मानावयास हवीत. पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस आज प्रणाली स्वतः काढू शकेल. परंतु हरकत घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि बांधावर जाऊन पाहणे, हे तलाठ्याने आणि मंडळ अधिकाऱ्यानेच करावयाचे आहे.